कोर्टाचे दफ्तर उघडे आहे, उधारी देण्याआधी पाहून घ्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण बोईसरच्या बाजारात सगळ्यांना पाठ आहे. पण पायरी चढणे दर वेळी आपल्या हातात नसते. घेतलेला चेक परत येतो, गाळ्याच्या भाड्याचा तंटा उभा राहतो, भावाभावांत जागेची वाटणी अडते आणि माणूस नको नको म्हणता पालघरच्या कोर्टात जाऊन उभा राहतो. मग सुरू होतो तारखांचा फेरा. दुकानाचे शटर अर्धे ओढायचे, गाडी पकडायची, उमरोळी ओलांडून पालघरला उतरायचे आणि दुपारी बाराला कळते की आज न्यायाधीश रजेवर आहेत, पुढची तारीख पडली. दिवसाची कमाई गेली, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात गेले.

यातला काही फेरा तरी आता वाचू शकतो. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांचे दफ्तर, म्हणजे कोणाचा कोणावर कोणता खटला आहे, तो कुठवर आला, पुढची तारीख कोणती, निकाल काय लागला, ही सर्व माहिती मोबाइलवर किंवा संगणकावर पाहता येते. त्याला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही, वकीलपत्र लागत नाही. आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांना हे ऐकून ठाऊक आहे. पण ही सोय त्यांना आठवते ती आपला खटला सुरू झाल्यावर. वास्तविक तिचा खरा उपयोग खटला होण्याआधी, माल उधारीवर देण्याच्या वेळी आहे. तेथे ती कोणी वापरताना दिसत नाही.

आधी थोडी माहिती. न्यायालये संगणकाने जोडण्याचे राष्ट्रीय धोरण २००५ साली ठरले, 'ई-कोर्ट्स' प्रकल्पाचे काम २००७ पासून सुरू झाले आणि १९ सप्टेंबर २०१५ रोजी जिल्हा न्यायालयांची एकत्रित माहिती सर्वांसाठी खुली झाली. प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा आपल्याच करातला आहे, तेव्हा ही सोय वापरण्यात कोणाचे उपकार नाहीत. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात संघीय न्यायालयांचे कागद पाहायला पानाला १० सेंट मोजावे लागतात. एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत खर्च झाला तर माफ, असा तेथील हिशेब आहे. त्या बाबतीत आपण पुढे आहोत असे म्हणायला हरकत नाही.

आपला खटला असेल तर

प्रत्येक खटल्याला सीएनआर नावाचा सोळा अक्षरी-अंकी क्रमांक मिळतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, आपल्याकडे एमएच. पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक खटल्याच्या क्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. हा क्रमांक म्हणजे खटल्याचे बारसे. तो वकीलसाहेबांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा आणि हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवावा. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप मोबाइलवर घेऊन त्यात हा क्रमांक टाकला की पुढची तारीख, खटल्याची अवस्था, प्रत्येक तारखेला काय घडले त्याची नोंद आणि चढवलेले असतील तर आदेशही दिसतात. "मागच्या तारखेला काय झाले?" हे विचारायला कारकुनाच्या हातावर काही ठेवण्याची गरज उरत नाही. वकिलाने तारीख घेतली की समोरच्याने, हेही पुष्कळदा त्या नोंदीवरून उमगते, आणि काही वेळा ते उमगणे फारसे सुखाचे नसते.

येथे एक इशारा द्यावा लागतो. संकेतस्थळावर तारीख दिसली नाही किंवा जुनीच दिसली, म्हणून कोर्टात जायचे नाही असे कोणी करू नये. नोंद चढवायला उशीर होतो, कधी चूकही होते. आरोपी गैरहजर राहिला तर वॉरंट निघते आणि "मोबाइलमध्ये दिसले नाही" हे उत्तर तेथे चालत नाही. खातरजमा वकिलाकडेच करावी.

उधारीवर माल देण्याआधी

आता मुख्य मुद्दा. समजा बोईसरचा एक फॅब्रिकेटर आहे. मुंबईचा नवा ठेकेदार त्याच्याकडे येतो, ग्रिल आणि शेडचे मोठे काम देतो, थोडी रक्कम रोख आणि बाकीचे तीन चेक पुढच्या तारखांचे. माणूस बोलायला गोड, गाडी चांगली, ओळखही कोणीतरी दिलेली. आपला कारागीर लोखंड स्वतः उधारीवर उचलतो आणि कामाला लागतो. तीन महिन्यांनी चेक परत येतो, तेव्हा कळते की हा ठेकेदार चार गावांत असाच वागला आहे.

ते आधी कळू शकले असते. चेक न वटल्याची तक्रार निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी कोर्टात होते आणि तिची नोंद याच दफ्तरात असते. अशा तक्रारी किती असाव्यात? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये जे आकडे नमूद केले त्यानुसार २०१९ अखेर देशात २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले प्रलंबित होते आणि त्यांपैकी ३५ लाख १६ हजार एकट्या चेकचे होते. म्हणजे बुडव्या गिऱ्हाइकाची कुंडली कोठेतरी मांडलेली असण्याचा संभव बराच आहे.

प्रश्न असा की ती कोणत्या कोर्टात शोधायची? बहुतेक लोक गिऱ्हाईक जेथे राहतो तेथे शोधतात आणि काही सापडले नाही की निर्धास्त होतात. येथेच फसगत होते. २०१५ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून, खात्यात भरलेल्या चेकची तक्रार चेक घेणाऱ्याचे खाते ज्या बँक शाखेत असेल तेथील कोर्टात करावी लागते. बोईसरच्या माणसाचा चेक परत आला तर खटला त्याच्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात, भिवंडीवाल्याचा आला तर भिवंडीला, वापीच्या व्यापाऱ्याचा आला तर गुजरातेत. तेव्हा ठेकेदार अंधेरीला राहतो म्हणून अंधेरीचे दफ्तर पाहून भागत नाही. त्याला माल कोण कोण पुरवते हे विचारून घ्यावे आणि त्या पुरवठादारांच्या गावची कोर्टे पाहावीत. कापडाचा धंदा असेल तर भिवंडी आणि सुरत, रसायनांचा असेल तर वापी आणि ठाणे, अशी आपल्या धंद्यातल्या माणसाला ती गावे आपोआप सुचतात.

शोधण्याची रीत सोपी आहे, जरा वेळखाऊ आहे इतकेच. 'केस स्टेटस'मध्ये राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचे, 'पार्टी नेम'मध्ये पक्षकाराचे नाव टाकायचे (निदान तीन अक्षरे हवीत), वर्ष टाकायचे आणि पडद्यावर दिसणारी वेडीवाकडी अक्षरे जशीच्या तशी टाइप करायची. वर्ष एका वेळी एकच टाकता येते, म्हणून मागची चार-पाच वर्षे एकेक करून पाहावी. 'पेंडिंग' आणि 'डिस्पोज्ड' यांऐवजी 'बोथ' निवडावे, म्हणजे चालू आणि निकाली दोन्ही दिसतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे आपल्या भागातले दावे शोधताना ठाणे आणि पालघर अशी दोन्ही नावे तपासलेली बरी. उच्च न्यायालयाचे दफ्तर वेगळे आहे, ते वेगळेच पाहावे लागते.

दहा-वीस हजारांच्या उधारीसाठी एवढी खटपट कोणी करणार नाही आणि करूही नये. पण भांडवलाचा चौथा हिस्सा एका माणसाच्या हाती देताना एक संध्याकाळ खर्च करायला काय हरकत आहे?

नाव एक, माणसे अनेक

आपल्या समाजात या शोधाला एक मोठी अडचण आहे आणि ती दोन्ही बाजूंनी कापते. दफ्तरातली नावे बहुधा इंग्रजीत असतात आणि ती टाइप करणाऱ्याने ऐकली तशी लिहिलेली असतात. एकच 'शेख' चार प्रकारच्या स्पेलिंगने लिहिला जातो, कोणी नुसता एस-के लिहून मोकळा होतो. मोहम्मद कधी पूर्ण, कधी एमडी, कधी एमओएचडी. सय्यद, कुरेशी, अन्सारी यांचीही तीच गत. आडनाव आधी की नंतर याचाही नेम नाही. म्हणून एका स्पेलिंगने काही सापडले नाही याचा अर्थ माणूस स्वच्छ आहे असा होत नाही. नावातला जो भाग कमी आढळतो तो, किंवा फर्मचे नाव टाकून पाहावे.

याच्या उलट बाजू अधिक गंभीर आहे. 'अब्दुल रशीद शेख' टाकले की एकाच जिल्ह्यात डझनभर खटले निघतील आणि ते डझनभर वेगवेगळ्या माणसांचे असतील. त्यातला एखादा मारामारीचा, एखादा फसवणुकीचा. नाव जुळले एवढ्यावरून कोणाला उधारी नाकारणे, गाळा नाकारणे, सोयरीक मोडणे हा उघड अन्याय आहे. आणि आज आपण दुसऱ्याबाबत ही घाई केली, तर उद्या कोणी आपल्याबाबतही तीच करणार. खटला उघडून आदेशाचे पहिले पान वाचावे. तेथे बहुधा वय, धंदा, पत्ता असतो. तो जुळला तरच पुढे विचार करावा.

तो जुळल्यावरही खटला म्हणजे गुन्हा नव्हे. कलम १३८ च्या खटल्यांत पुष्कळसे असे असतात की विश्वासाने तारण म्हणून दिलेला कोरा चेक समोरच्याने मनाला येईल ती रक्कम भरून टाकला. खटला निकाली निघाला असेल तर कसा निघाला ते पाहावे. तडजोड झाली, तक्रार मागे घेतली, निर्दोष सुटला की शिक्षा झाली, हे तेथे नमूद असते. एखाद्यावर एकच खटला आहे आणि तो पैसे भरून मिटला आहे, तर असा माणूस अडचणीत आला होता पण बुडवा नव्हता, असे मी तरी समजेन. सहा वेगवेगळ्या पुरवठादारांचे सहा खटले एकाच वर्षात असतील तर गोष्ट वेगळी.

ज्याचा स्वतःचा खटला मिटला आहे त्याने एकदा आपलेही नाव टाकून पाहावे. तडजोड होऊनही दफ्तरात 'पेंडिंग' दिसत असेल तर वकिलामार्फत त्याच कोर्टात अर्ज करून नोंद दुरुस्त करून घ्यावी. बँकवाले आणि मोठ्या कंपन्यांचे खरेदी विभाग हे दफ्तर पाहतात. आपण पाहिले नाही म्हणून ते पाहायचे थांबत नाहीत.

कारखानाच बुडाला तर

तारापूर औद्योगिक वसाहतीवर पोट भरणारे आपले किती लोक आहेत! कोणी ड्रम पुरवतो, कोणी पॅकिंगचे खोके, कोणी भंगार उचलतो, कोणाचे वेल्डिंगचे, कोणाचे वाहतुकीचे काम. या लोकांचे गिऱ्हाईक म्हणजे कंपनी, आणि कंपनी कर्जबाजारी झाली की तिचा खटला पालघरला चालत नाही. तो मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जातो. तारापूरला मोठा पसारा असलेल्या कापड उद्योगांची दोन उदाहरणे पाहा. मंधना इंडस्ट्रीज २०१७ साली या मार्गाने गेली आणि बॉम्बे रेयॉन फॅशन्स २०२२ साली.

अर्ज दाखल करून घेतला गेला की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कंपनीविरुद्धचे सर्व वसुलीचे दावे जागच्या जागी थांबतात. एक अंतरिम अधिकारी नेमला जातो, तो जाहीर घोषणा काढतो आणि ज्यांचे ज्यांचे येणे आहे त्यांना दावा दाखल करायला सांगतो. घोषणेतली मुदत त्याच्या नेमणुकीपासून फक्त १४ दिवसांची असते. उशिराचा दावा निदान ९० दिवसांपर्यंत कारण देऊन करता येतो. माल किंवा सेवा पुरवणाऱ्याने 'फॉर्म बी' भरायचा, सोबत बिले, चलने आणि बँकेचा उतारा जोडायचा. कामगारांचा फॉर्म वेगळा असतो.

हे ज्याला कळले नाही त्याचे काय होते? सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ रोजी घनश्याम मिश्रा अँड सन्स या प्रकरणात निकाल दिला की, कंपनीची पुनर्रचना योजना एकदा मंजूर झाली म्हणजे त्या योजनेत नसलेली सगळी जुनी देणी संपुष्टात येतात. कारखाना नव्या मालकाच्या हाती पुन्हा धूर काढू लागतो, गेटवरचा वॉचमन तोच असतो, पण आपल्या जुन्या बिलाला किंमत उरत नाही. बिल खरे होते, मालही पोहोचला होता, फक्त दावा दाखल झाला नव्हता.

ही घोषणा इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेतील वर्तमानपत्रांत छापून येते खरी, पण नेमके तेच पान आपल्या हाती पडेलच असे नाही. तीच घोषणा दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने फुकट पाहता येते आणि न्यायाधिकरणाचे आदेश त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. ज्या कंपनीकडे आपले मोठे येणे अडकले आहे आणि जिचे पैसे दोन-तीन महिने लांबले आहेत, तिचे नाव दर पंधरवड्याला एकदा तेथे टाकून पाहावे. आपल्याला जमत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींना हे काम सांगावे, ती पाच मिनिटांत करतात. पुढे मिळते किती हा वेगळा प्रश्न आहे. बँकांचे भागल्यावर लहान पुरवठादाराच्या वाट्याला पुष्कळदा अगदी थोडे येते, हे मान्य केले पाहिजे. पण यादीत नाव नसेल तर तेवढेही नाही.

कारखान्याची तब्येत सांगणारे आणखी एक दफ्तर आहे, हरित न्यायाधिकरणाचे. तारापूरच्या सांडपाण्याने समुद्र आणि मासेमारी बिघडल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली तेथे गेली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभराच्या आसपास कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी टाकली. असे आदेश कोणालाही वाचता येतात आणि कोणत्या कारखान्याकडे किती रक्कम निघते हे पुरवठादाराला ठाऊक असणे त्याच्या हिताचे आहे. मात्र अशा आदेशांवर वर अपील होते, स्थगिती येते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरही तेच प्रकरण पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

जागा किंवा गाळा घेताना तर हे दफ्तर पाहणे अत्यावश्यक आहे. दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधली जाते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२ सांगते. इसार देण्यापूर्वी विकणाऱ्याचे नाव दिवाणी दाव्यांत शोधावे, शिवाय सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचावा. आपल्या जिल्ह्यात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ मुळे त्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाहीत.

सगळेच उघडे का?

कोणी विचारील, माझ्या कज्ज्याची माहिती साऱ्या गावाला कशाला? हा प्रश्न जुना आहे आणि तो मुंबईत एका व्यापाऱ्याच्याच साक्षीवरून गाजला होता. 'ब्लिट्झ' साप्ताहिकावरील बदनामीच्या दाव्यात उच्च न्यायालयात एका व्यापारी साक्षीदाराने सांगितले की, माझी साक्ष छापून आल्याने धंद्याचे नुकसान होते. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती न छापण्याचा तोंडी आदेश दिला. पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर व इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांपुढे प्रकरण चालले आणि मार्च १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या पीठाने बहुमताने सांगितले की, न्यायदान उघड्यावर व्हावे हाच नियम, पण न्यायासाठी आवश्यक असेल तेथे कोर्ट त्याला मर्यादा घालू शकते. मिरजकरांची बाजू मान्य झाली नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. पुढे १९६८ साली ते सरन्यायाधीश झाले.

त्या काळी उघडे कोर्ट म्हणजे बाकावर जाऊन बसलेल्यांपुरते उघडे. आज तेच बाक प्रत्येकाच्या खिशात आले आहे, आणि निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव वर्षानुवर्षे तेथे दिसत राहते. अशा एका निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव काढून टाकण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे. तसे काही चुकून नजरेस पडले तर ते पुढे पाठवू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मोबाइलवर पाहिलेला किंवा छापून घेतलेला आदेश माहितीपुरता असतो. बँकेत, तहसील कचेरीत किंवा दुसऱ्या कोर्टात दाखवायला प्रमाणित नक्कलच लागते. ती त्या कोर्टाच्या नक्कल शाखेत अर्ज आणि ठरलेली फी देऊन मिळते. आपण खटल्यात पक्षकार नसलो तर नक्कल कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्या ठिकाणी चालत नाही, न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागणी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ज्यांना मोबाइलचा सराव नाही त्यांच्यासाठी न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्रे उघडली आहेत. तेथे खटल्याची स्थिती सांगतात आणि नकलेच्या अर्जालाही मदत करतात. जाताना सीएनआर क्रमांक बरोबर न्यावा. तो नसेल तर निदान दोन्ही पक्षकारांची नावे आणि दावा दाखल झाल्याचे वर्ष कागदावर लिहून न्यावे.